मिडल स्कूलचा अभ्यास: पालकांचे नेहमीचे प्रश्न आणि आमची उत्तरे

प्रवेशाच्या दिवसांत पालक जे फोनवर, फाटकापाशी आणि ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून विचारतात, ते सगळे इथे एकत्र केले आहे. आमचे हे 'स्वतंत्र' मिडल स्कूल आहे आणि मी या शाळेची शैक्षणिक समन्वयक. त्याआधी बरीच वर्षे सहावी-सातवीला गणित शिकवले आणि अजूनही एक तुकडी हातची सोडलेली नाही. त्यामुळे उदाहरणे गणिताची जरा जास्त निघतील, तेवढे सांभाळून घ्या.

मिडल स्कूल म्हणजे नेमके कोणते वर्ग?

आमच्याकडे सहावी, सातवी आणि आठवी. वय साधारण ११ ते १४. काही शाळा पाचवीपासून धरतात, काही नववीपर्यंत नेतात. मराठीत याला नेमका शब्द नाही. 'माध्यमिक' म्हटले की नववी-दहावी डोळ्यांपुढे येते आणि 'प्राथमिक' म्हणावे तर मुले रागावतात. म्हणून मिडल स्कूलच म्हणतो.

पण या तीन वर्षांसाठी वेगळी शाळा कशाला?

सहावीतला एक मुलगा सकाळच्या तासाला शून्याने भागता का येत नाही यावर माझ्याशी दहा मिनिटे हुज्जत घालतो, आणि मधल्या सुट्टीत कंपासपेटी सापडत नाही म्हणून त्याच मुलाच्या डोळ्यांत पाणी येते. दोन्ही खरे असते. हे वय असेच आहे. त्याला लहान मुलांसारखे बोट धरून चालवले तर चिडते आणि मोठ्यांसारखे मोकळे सोडले तर हरवते.

ही जाणीव शाळांना उशिराच झाली. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबस इथे १९०९ मध्ये इंडियानोला ज्युनिअर हायस्कूल सुरू झाले. मधल्या वयाच्या मुलांची पहिली वेगळी शाळा म्हणून त्याचेच नाव सहसा घेतात. पण ज्युनिअर हायस्कुले पुढे नावाप्रमाणेच हायस्कूलची धाकटी आवृत्ती होऊन बसली. १९६३ मध्ये विल्यम अलेक्झांडर या शिक्षणतज्ज्ञांनी 'मिडल स्कूल'ची मांडणी केली. हायस्कूलची रंगीत तालीम नको, या वयाला या वयाचेच शिक्षण द्या, असा तिचा रोख होता.

आमचा कार्यक्रम एका गोष्टीभोवती बांधलेला आहे. सहावीत येताना मुलाचा अभ्यास मोठी माणसे सांभाळत असतात: दप्तर कोण भरते, चाचणी कधी आहे, वही कुठे आहे, सगळे. आठवी संपताना हे काम मुलाच्या हातात गेलेले असावे. एका रात्रीत ते जात नाही, हळूहळू सोपवावे लागते. खाली जे जे वाचाल ते या सोपवण्याच्या हिशेबाने ठरवलेले आहे.

'स्वतंत्र' शाळा म्हणजे काय? खासगी म्हणायचे टाळता का?

टाळत नाही. पण खासगी शाळा एखाद्या कंपनीची किंवा मोठ्या साखळीचा भाग असू शकते. स्वतंत्र शाळा सरकारी निधीवर चालत नाही, तिचे स्वतःचे विश्वस्त मंडळ असते आणि काय शिकवायचे, कसे शिकवायचे हे ती स्वतः ठरवते. कायदे मात्र सगळ्यांना असतात तेच असतात.

याचा फायदा म्हणजे एखादी गोष्ट चालत नाही असे दिसले तर आम्ही ती पुढच्या सत्रात बदलू शकतो. तोटाही तिथेच आहे. चुकलो तर बोट दाखवायला वरचे कोणी नाही. म्हणून कुठल्याही स्वतंत्र शाळेत, आमच्याही, गेलात तर एक प्रश्न जरूर विचारा: 'गेल्या दोन-तीन वर्षांत तुम्ही काय बदलले आणि का?' उत्तर गुळमुळीत आले तर समजून घ्या.

तुमचा अभ्यासक्रम आयबीचा की केंब्रिजचा?

दोन्ही नाही. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) आणि केंब्रिज हे आंतरराष्ट्रीय संस्थांचे अभ्यासक्रम आहेत. आयबीचा मिडल इयर्स प्रोग्रॅम १९९४ मध्ये सुरू झाला. तो ११ ते १६ वयासाठी आहे आणि त्यात ८ विषयगट असतात. केंब्रिजचा लोअर सेकंडरी साधारण ११ ते १४ साठी आहे. दोन्ही नीट बांधलेले आहेत. आम्ही दोन्हींमधून घेतलेही आहे. तपासणीचे निकष मुलांना आधीच सांगायचे, ही आयबीची सवय आम्हाला फार आवडली. पण पाटी कोणती लावली आहे यावरून वर्गात काय चालते ते कळत नाही. त्याच नावाच्या दोन शाळांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

विषय कोणते आणि दिवस कसा जातो?

भाषा दोन, गणित, विज्ञान, इतिहास-भूगोल एकत्र, कला, संगीत, शारीरिक शिक्षण. सातवीपासून एक ऐच्छिक विषय: सुतारकाम, नाटक, प्रोग्रॅमिंग किंवा तिसरी भाषा. ऐच्छिक विषय वर्षाच्या मध्यात एकदा बदलता येतो, दोनदा नाही.

तास मोठे आहेत, ७५ मिनिटांचे, आणि दिवसाला चार. चाळीस मिनिटांच्या तासात हजेरी, आधीच्या तासाची धूळ खाली बसणे आणि शेवटची आवराआवर वगळली तर शिकायला वीस-पंचवीस मिनिटे उरतात. मोठ्या तासाची अट एकच, शिक्षकाने सलग बोलायचे नाही. पंच्याहत्तर मिनिटांचे व्याख्यान मोठ्या माणसालाही सोसत नाही. नवीन शिक्षकांना आम्ही पहिल्याच आठवड्यात घड्याळ लावून हे दाखवतो.

शाळा पावणेनऊला का भरते? बाकीच्या तर केव्हाच्या भरलेल्या असतात.

वयात येताना झोपेचे घड्याळ पुढे सरकते. झोप आणणारे मेलाटोनिन शरीरात उशिरा तयार होऊ लागते, त्यामुळे रात्री दहाला 'झोप' म्हटले तरी मुलाला खरेच झोप येत नसते. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये सांगितले की मिडल स्कूल आणि हायस्कूल साडेआठच्या आधी भरवू नयेत. कामावर जाणाऱ्या पालकांची यात अडचण होते, हे मान्य आहे. म्हणून वाचनालय आठला उघडते. लवकर येणारी मुले तिथे बसतात, काही जण मान टेकून झोपतात, आम्ही उठवत नाही.

माझी मुलगी गणितात पुढे आहे. तिला सहावीतच बीजगणित द्याल का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि माझा जिव्हाळ्याचा. जरा सविस्तर उत्तर देते.

सहावीत एक मुलगा आला होता. समीकरणे झरझर सोडवायचा, एक्स इकडचा तिकडे, चिन्ह बदल, उत्तर तयार. मी फळ्यावर लिहिले: २/३ + १/४. त्याने क्षणात ३/७ लिहिले. अंशात अंश, छेदात छेद.

मी विचारले, "२/३ अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?"

"जास्त."

"आणि ३/७?"

थोडा वेळ गेला. "सातचे अर्धे साडेतीन... कमी."

"म्हणजे तू त्यात भर घातलीस आणि ते कमी झाले?"

तो फळ्याकडे बघत राहिला. मग स्वतःच समच्छेद करून ११/१२ काढले. पण त्याहून मोलाची होती ती मधली शांतता. उत्तर आले की ते पटते का हे पाहायचे असते, हे त्याला तोवर कोणी सांगितलेच नव्हते.

रॉबर्ट सीग्लर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मुलांची माहिती तपासली होती. १०-१२ वर्षांच्या वयात अपूर्णांक आणि भागाकार ज्यांना पक्के येत होते, त्यांचे हायस्कुलातले गणित चांगले निघाले. बुद्धिमत्ता आणि घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावरही हा संबंध टिकला. म्हणजे बीजगणिताचे दार अपूर्णांकांतून उघडते. ते ओलांडून पळणारी मुले पुढे आठवी-नववीत अडखळतात आणि तेव्हा सगळे म्हणतात, 'अरे, याचे तर गणित छान होते!'

घाईची किंमत मोजलेलीही आहे. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या शार्लट-मेक्लेनबर्ग या मोठ्या शालेय जिल्ह्याने (म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेने) एके काळी पुष्कळ मुलांना ठरलेल्या वर्षाआधी बीजगणिताच्या वर्गात घातले. पुढे संशोधकांनी पाहिले तर ज्यांना असे ओढून पुढे नेले होते त्यांची बीजगणिताची कामगिरी घसरली आणि त्यानंतरचे गणिताचे अभ्यासक्रमही त्यांना जड गेले.

मग पुढे असलेल्या मुलीचे काय? तिला आम्ही खोलात नेतो. उदाहरणार्थ: सलग तीन संख्यांच्या बेरजेला नेहमी तीनने भाग जातो, का? सोपे वाटते. आता सलग चार संख्यांच्या बेरजेला चारने भाग जातो का? १ + २ + ३ + ४ = १०, नाही जात. कधीच जात नाही का? सिद्ध कर. सहावीतली मुलगी यावर दोन दिवस घालवते आणि तिच्या नकळत बीजगणितच करत असते, फक्त ते तिच्या गरजेतून आलेले असते. पाचला पुन्हा जातो, सहाला पुन्हा नाही. इथून काही मुले मला वर्षभर सोडत नाहीत.

आणि हो, दर एक-दोन वर्षांनी असे एखादे मूल येते जे खरोखर पुढच्या वर्गातच बसायला हवे असते. त्याला आम्ही बसवतो. पण ते वेगावरून ठरवत नाही. 'हे असे का?' याचे उत्तर ते स्वतःच्या शब्दांत देऊ शकते का, यावरून ठरवतो.

विज्ञान पुस्तकातून की प्रयोगातून?

दोन्ही, पण प्रयोग आधी. आणि उत्तर ठाऊक असलेला प्रयोग 'करून दाखवणे' याला आम्ही प्रयोग म्हणत नाही.

सातवीचा लंबक घ्या. दोरा आणि लोखंडी नट, बाकी काही नाही. आधी अंदाज लिहायचा: नट जड केला तर लंबक भराभर हलेल का? बहुतेक वर्ग 'हो' म्हणतो. मग दहा आंदोलनांचा वेळ मोजायचा; एकदा जाऊन परत आला की एक आंदोलन. २५ सेंटीमीटर दोऱ्याला साधारण १० सेकंद येतात, आणि नट एक लावा की तीन, तेवढेच. दोरा एक मीटर केला की २० सेकंद. लांबी चौपट, वेळ दुप्पट. यावर वर्गात जो गोंधळ होतो तो मला फार प्रिय आहे.

दरवर्षी एका गटाचे उत्तर ९ सेकंद येते. घड्याळ बिघडलेले नसते. नट सोडतानाच त्यांनी 'एक' म्हटलेले असते, म्हणजे आंदोलने नऊच झालेली असतात. शिक्षक हे लगेच सांगत नाही. 'तुमचे आणि शेजारच्यांचे का जुळत नाही ते शोधा,' एवढेच म्हणतो. ज्या गटाला ही चूक स्वतः सापडते तो ती विसरत नाही.

मुलगा वाचतो भराभर, पण विचारले तर काही सांगता येत नाही. तुमचा भाषेचा विभाग काय करतो?

भाषेचा विभाग करतो तेवढेच इतिहास आणि विज्ञानाचे शिक्षकही करतात. समजणे हे पुष्कळदा त्या विषयाची माहिती असण्यावर असते. १९८८ मध्ये डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉल सामन्याचा एक उतारा वाचायला दिला. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुले, वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा पुढे गेली. म्हणून 'आकलनाची कौशल्ये' नावाचे सुटे तास आम्ही घेत नाही. एकाच विषयावर तीन-चार आठवडे वाचतो. नद्या म्हटले की भूगोलात नद्या, भाषेत नदीवरचे लेख आणि कविता, विज्ञानात गाळ आणि धूप. चौथ्या आठवड्यात तोच मुलगा अवघड उतारा हातात घेतो आणि त्याला तो कळतो.

घरी तुम्ही एवढेच करा: त्याने वाचलेले त्याला आपणहून सांगू द्या. मध्ये प्रश्न विचारू नका. अडखळेल, थांबेल, पुन्हा पान उलटेल. ते पान उलटणेच हवे आहे.

गृहपाठ किती असतो?

हॅरिस कूपर या संशोधकामुळे माहीत झालेला एक ठोकताळा आहे: जितकी इयत्ता, तितकी दहा मिनिटे. म्हणजे सहावीला सगळ्या विषयांचा मिळून तास, आठवीला ऐंशी मिनिटे. आम्ही तेवढ्यात राहायचा प्रयत्न करतो. प्रयत्न म्हणते कारण चार शिक्षकांनी चार बाजूंनी 'फक्त वीस मिनिटांचे' काम दिले की काय होते हे सगळ्यांना माहीत आहे. आता शिक्षकांच्या खोलीत एक फळा आहे, त्यावर प्रत्येक वर्गाला त्या दिवशी कोणी किती दिले ते लिहावे लागते. उशिरा येणाऱ्याला जागा उरत नाही.

वेळ संपला की वही मिटायची आणि समासात लिहायचे, 'इथे वेळ संपला.' पालकांनी पुढचे सोडवून देऊ नये. तुम्ही सोडवलेले उदाहरण बरोबर येते, आणि दुसऱ्या दिवशी शिक्षकाला वाटते की वर्गाला धडा समजला.

पाठांतर करून घेता का? नव्या शाळांत ते बंद झाले म्हणतात.

करून घेतो. पाढे, अपूर्णांकांची दशांश रूपे, कविता, नकाशावरच्या जागा. ज्याला ७ × ८ आठवायला थांबावे लागते त्याचे लक्ष पुढच्या पायरीवर राहत नाही. घोकंपट्टी नको याचा अर्थ डोक्यात काहीच नको असा नाही.

पण पाठ कसे करायचे ते मात्र शिकवतो. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना काही उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे निघाले. धडा चारदा वाचून 'मला सगळे येते' म्हणणारे मूल खोटे बोलत नसते. त्या क्षणी त्याला येत असते.

यावरून आम्ही 'कोरा कागद' सुरू केला. हे नाव मुलांनीच पाडले. सोमवारी तासाच्या सुरुवातीला कोरा कागद घ्यायचा आणि गेल्या आठवड्यातले जे आठवेल ते पाच मिनिटे लिहायचे. गुण नाहीत, गोळा करत नाही. मग वही उघडून जे राहिले ते दुसऱ्या रंगाच्या पेनने भरायचे. सहावीच्या जूनमध्ये कागदभर दुसराच रंग असतो. मुलांना तो आवडत नाही, आणि तो कमी कसा करायचा हे ती हळूहळू आपणहून शोधू लागतात.

सहावीत प्रगतिपुस्तकात गुण का नसतात?

कारण आकडा दिसला की त्याच्या खालचे कोणी वाचत नाही. रूथ बटलर यांचा १९८८ चा अभ्यास याबाबत प्रसिद्ध आहे. काही मुलांना फक्त शेरे दिले, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. फक्त शेरे मिळालेल्यांची गोडीही टिकली आणि कामही सुधारले. गुण आणि शेरे दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्यांचा काही फायदा झाला नाही.

आम्हीही आधी दोन्ही द्यायचो. मी स्वतः रविवार-रविवार बसून शेरे लिहिलेले आहेत आणि सोमवारी मुलांनी कोपऱ्यातला आकडा बघून कागद दप्तरात कोंबताना पाहिले आहे. आता आधी शेरा येतो. मूल त्यावरून दुरुस्ती करते. मग श्रेणी मिळते. सातवीच्या दुसऱ्या सत्रापासून गुणही येतात, कारण पुढे सगळीकडे ते असणारच आहेत आणि त्यांची भीती राहू नये.

'पण मग माझा मुलगा नक्की कुठे आहे?' असे पालक विचारतात. त्याची वही बघा. खरेच सांगते, ६८ या आकड्यापेक्षा वहीतून जास्त कळते.

मेंटॉर शिक्षक म्हणजे वर्गशिक्षकच ना?

नाही. वर्गशिक्षकाकडे पूर्ण तुकडी असते, मेंटॉरकडे दहा-बारा मुले, आणि तीही शक्यतो तिन्ही वर्षे तीच. अमेरिकेत १९८९ मध्ये कार्नेगी कौन्सिलने 'टर्निंग पॉइंट्स' हा अहवाल काढला होता. या वयाच्या प्रत्येक मुलाला शाळेत नीट ओळखणारे निदान एक मोठे माणूस असावे, असा त्यात आग्रह होता. मेंटॉर आठवड्यातून दोनदा गटाला भेटतो आणि महिन्यातून एकदा प्रत्येकाशी एकट्याने बोलतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'दप्तर दाखव.' कोंबलेले कागद, नसलेली वही, तीन आठवड्यांपूर्वीची सूचना. दप्तर पाहिले की पुढच्या वीस मिनिटांचे बोलणे आपोआप सुचते.

पालकसभा मुलेच घेतात हे खरे का?

खरे. वर्षातून दोनदा. मूल आपले तीन कागद निवडते: एक अभिमानाचा, एक फसलेला, एक सुधारलेला. मेंटॉर कोपऱ्यात बसतो. पालकांना सर्वांत अवघड जाते ते गप्प बसणे. एका वडिलांनी मुलाच्या फसलेल्या कागदावर बोलायला तोंड उघडले, तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, थांबा, तिथेच येतोय मी." सभा तिथेच यशस्वी झाली असे मी समजते.

प्रत्येक मुलाची शिकण्याची शैली वेगळी असते. तुम्ही 'बघून शिकणारा', 'ऐकून शिकणारा' असे ओळखता का?

नाही. २००८ मध्ये पॅशलर आणि सहकाऱ्यांनी यावरचे संशोधन चाळून पाहिले. शैलीनुसार शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा आधार त्यांना मिळाला नाही. आकृती सगळ्यांनाच उपयोगी पडते, मोठ्याने बोलणेही. नकाशा ऐकून शिकता येत नाही आणि कविता नुसती बघून शिकू नये.

डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला इथे जमेल का?

बऱ्याच मुलांना जमले आहे. जादा वेळ, प्रश्न वाचून दाखवणे, तोंडी उत्तराची मुभा, ध्वनिमुद्रित पुस्तके हे सगळे देतो. त्यासाठी तज्ज्ञांचा अहवाल असला तर बरे, पण तो येईपर्यंत मदत थांबवत नाही. एक विनंती: प्रवेशाच्या वेळी हे लपवू नका. काही पालक लपवतात, मग मूल सहा महिने आळशी ठरते. ज्यांच्या गरजा आमच्या शिक्षकांच्या आवाक्याबाहेर आहेत त्यांना आम्ही तसे स्पष्ट सांगतो. ऐकायला वाईट वाटते, पण मुलाचे वर्ष वाया जात नाही.

चॅटजीपीटी वापरू देता का?

नोव्हेंबर २०२२ मध्ये ते आले आणि पुढच्या सहामाहीत निबंध अचानक गुळगुळीत झाले. सातवीतल्या एकाने 'माझा आवडता छंद' मध्ये 'बहुआयामी' हा शब्द चारदा वापरला होता. त्याला अर्थ विचारला, तो हसला, मीही हसले.

तेव्हापासून पहिला खर्डा वर्गात, हाताने. सहावीत वापर नाही. सातवीपासून शिक्षकासमोर, विशिष्ट कामासाठी: आपल्या युक्तिवादावर त्याच्याकडून आक्षेप मागायचे, किंवा त्याने दिलेल्या माहितीतल्या चुका पुस्तकावरून शोधायच्या. हे दुसरे काम मुलांना भलतेच आवडते. चूक पकडण्याचा आनंद या वयात काही वेगळाच असतो.

बाहेरची शिकवणी लावावी का?

आधी मेंटॉरशी बोला. एखादी संकल्पना राहून गेली असेल तर थोड्या दिवसांची मदत आम्हीच देतो. रोजची शिकवणी लागली की वर्गात लक्ष द्यायचे कारण उरत नाही, कारण संध्याकाळी पुन्हा कोणी सांगणारच असते.

पाचवीत पहिला नंबर होता, सहावीत एकदम घसरला. काळजी करू का?

पहिल्या सत्रात नको. पाचवीत एक-दोन बाई सगळे सांभाळत होत्या. आता सहा शिक्षक, सहा पद्धती, सहा ठिकाणी लक्ष. घसरण बहुतेकदा विषयाची नसते, सांभाळण्याची असते: काम केलेले असते पण दिलेले नसते. दिवाळीनंतरही तसेच राहिले, किंवा मूल शाळेबद्दल बोलायचेच बंद झाले, तर लगेच फोन करा. गुणांपेक्षा हा दुसरा संकेत महत्त्वाचा.

आठवीनंतर दुसऱ्या शाळेत प्रवेश मिळायला अडचण येते का?

आम्ही प्रत्येक विषयाचा तपशीलवार अहवाल, श्रेणी आणि निवडक काम देतो. पण प्रत्येक हायस्कूलचे आणि परीक्षा मंडळाचे नियम वेगळे असतात. तुमच्या मनात जी शाळा आहे तिला सातवीतच विचारा की काय लागते. ठरावीक प्रवेश परीक्षा असेल तर तिच्या प्रश्नांची धाटणी आठवीच्या दुसऱ्या सत्रात ओळखीची करून देतो. सहावीपासून तयारी करून घेत नाही, कितीही विचारलेत तरी.

शाळा बघायला कधी येऊ?

स्नेहसंमेलनाला किंवा खास ठेवलेल्या दिवशी नको. त्या दिवशी भिंतींवर सगळे छान छान लावलेले असते. साध्या मंगळवारी या, आधी फोन करून. कुठल्याही वर्गात मागच्या बाकावर बसा. शिक्षकाकडे कमी आणि मुलांकडे जास्त बघा. शेजारच्या मुलाला हळूच त्याची वही मागा आणि खाडाखोड असलेले पान उघडून विचारा, "हे काय झालं होतं?" तो सांगू लागला तर मधल्या सुट्टीची घंटा होईपर्यंत ऐका. मग ऑफिसात या, मी तिथेच असते.